चित्र मध्येच कापतंय, गेम अडकतेय: पैसे घालण्याआधी हे तपासा

तासगावहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात पीएस५ (प्लेस्टेशन ५) हा गेम कन्सोल आहे, धाकट्या भावाकडे जुना पीएस४. टीव्ही ५५ इंची, फोर-के, ६० हर्ट्झचा, घेऊन वर्षही झालेलं नाही. काही गेममध्ये कॅमेरा झटकन फिरवला की चित्राचे आडवे दोन तुकडे होतात, वरचा मागे राहतो आणि खालचा पुढे सरकतो. काही गेममध्ये चित्र कापत नाही, पण पळताना सगळं अडकत अडकत जातं आणि कंट्रोलर जड झाल्यासारखा वाटतो. एका दुकानदारानं महागडी एचडीएमआय केबल सुचवली, दुसऱ्यानं १२० हर्ट्झचा टीव्ही. वडिलांचं म्हणणं, उन्हाळ्यात मशीन तापतं, शिवाय लाईट कमी-जास्त होते, त्यानंच होत असणार. यातलं खरं काय?

सांगलीत कन्सोल दुरुस्तीचं काम करत मला अठरा वर्षं झाली, त्यातली नऊ वर्षं गेम पार्लरही चालवलं. "दादा, मधनंच कापतंय बघा" हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणं नंतर: केबल घेऊ नका, टीव्हीही एवढ्यात घेऊ नका. चित्र कापणं आणि गेम अडकणं या तुम्हाला दोन तक्रारी वाटतायत, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. फ्रेम, म्हणजे पडद्यावर येणारं एकेक पूर्ण चित्र, वेळेवर तयार होत नाही.

६० हर्ट्झचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र घेतो, म्हणजे दर १६.६७ मिलिसेकंदांनी एकदा. आणि कन्सोल हे चित्र एकदम पाठवत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमानं पाठवतो. एक फ्रेम अशी बाहेर जात असते, तेव्हा दुसरी मेमरीत बाजूला तयार होत असते. खालची ओळ गेल्यावर पुन्हा वरून सुरू करायच्या आत किंचित उसंत मिळते. त्या उसंतीत अदलाबदल झाली, तर डोळ्याला काहीच कळत नाही. अदलाबदलीसाठी या उसंतीची वाट बघायची शिस्त म्हणजे व्ही-सिंक.

जुन्या संगीत नाटकांत रंगवलेले गुंडाळीचे पडदे असत. राजवाड्याचा पडदा वर गुंडाळला की मागचं अरण्य दिसायचं. हा पडदा अर्ध्यात असतानाच कुणी फोटो काढला तर काय दिसेल? वर राजवाडा, खाली अरण्य, मध्ये सरळ आडवी रेघ. चित्र कापण्यात, ज्याला टिअरिंग म्हणतात, नेमकं हेच दिसतं: रेघेच्या वर जुनी फ्रेम, रेघेखाली नवी. निम्मं चित्र निघून गेलेलं असताना कन्सोलनं फ्रेम बदलली, म्हणून उरलेल्या ओळी नव्या फ्रेममधून आल्या. स्तब्ध दृश्यात दोन्ही फ्रेम जवळजवळ सारख्याच असतात, त्यामुळे रेघ दिसत नाही. कॅमेरा आडवा फिरला की दोघींत अंतर पडतं आणि विजेचे खांब, दारांच्या चौकटी, झाडांचे बुंधे मध्येच तुटलेले दिसतात.

आता समजा फ्रेमला १६.६७ ऐवजी १९ मिलिसेकंद लागले. कन्सोलपुढे दोनच रस्ते उरतात. एक, थांबायचं: टीव्हीला तीच जुनी फ्रेम पुन्हा द्यायची आणि नवी पुढच्या पाळीला दाखवायची. मग ती फ्रेम १६ ऐवजी ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, आणि तुम्ही म्हणता गेम अडकली. दुसरा, न थांबायचं: तयार होईल तशी मध्येच दाखवायची, म्हणजे चित्र कापतं. गेम बनवणाऱ्यानं यातला कुठला रस्ता धरला, त्यावर तुमची तक्रार ठरते. थांबण्यानं कंट्रोलरचा प्रतिसाद उशिरा येतो, म्हणून वेगवान गेमवाले कधी कधी कापलेलं चित्र पत्करतात.

तिसरा, मधला रस्ताही आहे. पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६०च्या काळात, म्हणजे २००५-०६ पासून पुढे, तो सर्रास वापरला गेला. फ्रेम वेळेवर झाली तर व्ही-सिंक पाळायचा, थोडासाच उशीर झाला तर मोडायचा. अशा गेममध्ये रेघ नेहमी पडद्याच्या वरच्या काठाजवळ दिसते, कारण नवी पाळी सुरू होऊन जेमतेम एक-दोन मिलिसेकंद झालेले असतात. म्हणून दुकानात गिऱ्हाईक आलं की मी पहिलं विचारतो, रेघ कुठं दिसते? सतत वरच्या बाजूलाच असेल तर गेम थोडक्यात वेळ चुकवतेय. वरपासून खालपर्यंत भटकत असेल तर त्या गेममध्ये व्ही-सिंक बंदच आहे. आणि रेघ उभी असेल, किंवा गेम बंद करून मेनूत आल्यावरही तिथंच दिसत असेल, तर ते टिअरिंग नव्हेच. टीव्हीचं पॅनेल किंवा त्याची पट्टी गेलीय, टीव्हीवाल्याला दाखवा.

अडकण्याचं मोजमाप घरी करता येतं, आणि हे मी प्रत्येकाला आवर्जून करायला सांगतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्लो-मोशन २४० फ्रेमवर लावा, फोन कशावर तरी टेकवा, टीव्हीवर गेममधला कॅमेरा संथ गतीनं फिरवत दहा सेकंद चित्रीकरण करा. मग ते एक-एक फ्रेम पुढं सरकवून बघा. गेम खरोखर ६० वर चालत असेल, तर टीव्हीवरचं चित्र व्हिडिओच्या दर चार फ्रेमनंतर बदलेल. ३० वर असेल तर दर आठ फ्रेमनंतर. चार, चार, आठ, चार, आठ असं येत असेल तर गेम ६० गाठू पाहतेय आणि मध्येमध्ये चुकतेय. चार, बारा, आठ, चार, बारा असं आलं, तर हा वेगळाच आजार आहे.

या वेगळ्या आजाराकडे लोक लक्ष देत नाहीत, कारण आकडा ठीक दिसतो. सेकंदाला ३० फ्रेम पूर्ण भरतात, फक्त त्या समान अंतरानं येत नाहीत. एक १६ मिलिसेकंद टिकते, पुढची ५०, त्यानंतरची ३३. मिरजेत तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही. तीनतालाच्या सोळा मात्रा आवर्तनात भरल्या, पण एक मात्रा लवकर आणि एक उशिरा पडली, तर समेवर येऊनसुद्धा कानाला खटकतंच. गेममध्ये ही लय डोळा धरतो. २०१५ साली पीएस४वर आलेली ब्लडबोर्न याचं ठळक उदाहरण आहे: गेम ३० फ्रेमला बांधलेली, पण फ्रेममधलं अंतर विषम, त्यामुळे ती स्वतःच्या ३० पेक्षाही संथ भासते. सम अंतरानं येणाऱ्या ३० फ्रेम पाहायला बऱ्या वाटतात. ४० ते ५८ मध्ये हेलकावे खाणाऱ्या गेमपेक्षा तर ६० हर्ट्झच्या टीव्हीवर नक्कीच बऱ्या वाटतात. फ्रेमचा आकडा मोठा हवा या हट्टापायी लोक ही गोष्ट विसरतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पुष्कळदा इलाज गेमच्या मेनूतच असतो, फुकट.

आकडा कुठे महत्त्वाचा? मारामारीच्या गेममध्ये. पार्लरमध्ये टेक्केन खेळायला मिरज, कुपवाडहून पोरं यायची. त्या गेममधला साधा ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे ६० च्या हिशोबानं १६७ मिलिसेकंद. जुन्या काळी पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या, ५० हर्ट्झच्या आवृत्त्या यायच्या, त्यातल्या बऱ्याच गेम सहाव्या हिश्श्यानं संथ चालायच्या. एका डिस्कवर हात बसलेला पोरगा दुसऱ्या डिस्कवर आला की त्याचे ठोसे चुकायचे आणि तो कंट्रोलरला दोष द्यायचा. कंट्रोलर ठीक असायचा.

आता तुमच्या पीएस५कडे येतो. फ्रेम उशिरा का होते, याची मुख्य कारणं दोन. एक म्हणजे चित्र रंगवणाऱ्या भागावर, ग्राफिक्स चिपवर, जास्त ओझं. रिझोल्यूशन जास्त, सावल्या दाट, रे-ट्रेसिंग (प्रकाश-प्रतिबिंबांचा बारीक हिशोब) चालू. हे ओझं कमी करता येतं. पीएस५च्या सेटिंग्जमध्ये 'सेव्ह्ड डेटा अँड गेम/ॲप सेटिंग्ज' उघडा, त्यात 'गेम प्रीसेट्स' आहे, तिथे 'परफॉर्मन्स मोड' निवडा. पण सगळ्या गेम हे मानत नाहीत, म्हणून गेमच्या आतला मेनूही बघा. जीटीए ५ची २०२२ ची पीएस५ आवृत्ती घ्या. तिच्यात फिडेलिटी निवडलं तर ३० फ्रेम, परफॉर्मन्स निवडलं तर ६०. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण फिडेलिटीवर खेळत असतात, कारण नाव भारी वाटतं, आणि मग म्हणतात गाडी ओढत नाही.

दुसरं कारण प्रोसेसरचं. गर्दीतल्या प्रत्येक पात्रानं कुठं जायचं, कशाला धडकायचं, काय करायचं, हा हिशोब प्रोसेसर करतो. तो मागे पडला तर रिझोल्यूशन कितीही उतरवा, फरक पडत नाही. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ड्रॅगन्स डॉग्मा २ मध्ये हेच झालं. जंगलात बरी चालणारी गेम शहरात शिरली की मंदावायची, आणि पात्रांच्या हिशोबाचा भार प्रोसेसरवर पडतो असं खुद्द बनवणाऱ्यांनीच सांगितलं. नंतरच्या अपडेटमध्ये त्यांनी फ्रेम ३० ला बांधायचा पर्याय दिला. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर तो पर्याय घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तुमची गेम मोकळ्या मैदानात ठीक आणि बाजारात अडकत असेल, तर हे कारण धरून चाला आणि अपडेटची वाट बघा. दुकानात मशीन आणून उपयोग नाही.

एक युक्ती मात्र लक्षात ठेवा. काही गेमची पीएस४ आवृत्ती पीएस५वर टाकली तर जास्त स्थिर चालते, कारण तिचं ओझं जुन्या मशीनच्या बेतानं ठरवलेलं असतं आणि ताकद नव्याची मिळते. एल्डन रिंग याचं सर्वांत चांगलं उदाहरण. तिची पीएस५ आवृत्ती ६० च्या खाली डोलत राहते, पीएस४ आवृत्ती पीएस५वर जवळजवळ अखंड ६० देते. चित्रात थोडी उणीव आहे, पण खेळताना ती जाणवत नाही. आवृत्ती कुठली ते खेळ सुरू करण्याआधीच ठरवा, पन्नास तास खेळून झाल्यावर नको.

वडिलांच्या शंकेबद्दल. तापमानाचा त्यांचा अंदाज आपल्याकडच्या उन्हाळ्यात साहजिक आहे, पण टिअरिंगशी त्याचा संबंध नाही. पीएस५चा वेग कामाच्या ओझ्यावर ठरतो, खोलीच्या तापमानावर नाही. पीएस५चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये मशीनची रचना समजावताना हे मुद्दाम सांगितलं होतं, कारण तासगावातलं मशीन आणि थंड देशातलं मशीन सारखंच चाललं पाहिजे. फारच तापलं तर ते पडद्यावर इशारा देतं आणि बंद होतं, चित्र कापत नाही. तरीही कंपनीनं वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचीच मर्यादा दिलीय आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो. तेव्हा टीव्हीच्या बंद कप्प्यातून मशीन बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा, वर्षातून एकदा धूळ काढून घ्या. हे मशीनच्या आयुष्यासाठी. व्होल्टेज घसरलं तर मशीन बंद पडेल किंवा पुन्हा सुरू होईल. अर्ध्या चित्राला पुढं ढकलण्याचं काम लाईट करू शकत नाही.

हे मी आज ठामपणे सांगतो, पण शिकलोय एका चुकीतून. बरीच वर्षं झाली, कॉलेजमधला एक मुलगा पीएस४ घेऊन आला, गेम अडकते म्हणून. मी मशीन उघडलं, पंखा साफ केला, थर्मल पेस्ट बदलली, पैसे घेतले. आठ दिवसांनी तो परत आला, तीच जागा, तसंच अडकणं. मग मी तीच गेम दुकानातल्या दुसऱ्या पीएस४वर लावली आणि त्याच चौकात तीही अडकली. पैसे परत केले. तेव्हापासून मशीन उघडायच्या आधी गेम दुसऱ्या मशीनवर लावून बघतो. पुराचं पाणी शिरलेली मशीन २०१९ला आणि पुन्हा २०२१ला ढिगानं आली. त्यातली बरीचशी चालूच झाली नाहीत. जी चालू झाली त्यांच्यावर गेम पूर्वीइतक्याच फ्रेमनं चालली. बिघडलेलं मशीन बंद पडतं, आवाज करतं, डिस्क वाचत नाही. ४५ फ्रेमवर डोलत बसणं हे बहुतेक वेळा बिघाडाचं लक्षण नसतं.

केबलचं तर आणखी सोपं आहे. एचडीएमआयमधून आकडे जातात. केबल खराब असेल तर चित्रात चमकणारे ठिपके येतात, मध्येच पडदा काळा होतो किंवा 'नो सिग्नल' येतं. फ्रेम कमी-जास्त करणं केबलच्या हातात नाही. शिवाय पीएस५च्या खोक्यात आलेली केबल ४८ गिगाबिटच्या दर्जाची असते, आणि तुमच्या ६० हर्ट्झ फोर-केला १८ गिगाबिटची केबल पुरते. खोक्यातली केबल कुठं ठेवलीय ते आधी शोधा.

टीव्हीत मात्र एक गोष्ट आत्ताच करा. त्याचा 'गेम मोड' चालू करा. नाहीतर टीव्ही स्वतःच दोन फ्रेमच्या मध्ये बनावट फ्रेम घुसवतो, कडांभोवती चित्र विरघळल्यासारखं दिसतं आणि बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत जास्तीचा उशीर होतो. कंट्रोलर जड वाटतो म्हणालात, त्यातला मोठा वाटा याचाच असण्याची शक्यता आहे.

मग १२० हर्ट्झचा टीव्ही निरुपयोगी का? अजिबात नाही. या आजारावर आजवर निघालेला सर्वांत चांगला इलाज त्याच टीव्हीत मिळतो, तो म्हणजे व्हीआरआर (व्हेरिएबल रिफ्रेश रेट). इथं कन्सोल टीव्हीच्या पाळीची वाट बघत नाही, टीव्ही फ्रेमची वाट बघतो. १९ मिलिसेकंदांनी आली तर १९ नी दाखवतो, २१ नी आली तर २१ नी. कापणं संपतं आणि लहानसहान उशीर डोळ्याला कळत नाही. एक्सबॉक्स वनच्या एस आणि एक्स मॉडेलना ही सोय २०१८ सालीच मिळाली, पीएस५ला एप्रिल २०२२च्या अपडेटनं. पण पीएस५वर तिची खिडकी ४८ ते १२० हर्ट्झची आहे. गेम ४८ च्या खाली गेली की फायदा संपतो, ३० ला बांधलेल्या गेमला तो मुळातच नाही, आणि नवा भाग लोड होताना बसणारा मोठा झटकाही तसाच राहतो. काही पॅनेलवर अंधाऱ्या दृश्यांत उजेड लुकलुकतो, तेही बघून घ्या.

१२० हर्ट्झचा दुसरा लाभ मला व्हीआरआरइतकाच मोलाचा वाटतो: ४० फ्रेमचा मोड. ऐकायला ४० म्हणजे ३० पेक्षा जरासंच जास्त. पण वेळेत मोजा: ३० ची फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची, ६० ची १६.७, आणि ४० ची २५, म्हणजे बरोबर मधोमध. १२० ला ४० नं पूर्ण भाग जातो, प्रत्येक फ्रेम तीन पाळ्या टिकते, लय सम राहते. ६० ला ४० नं भाग जात नाही, म्हणून तुमच्या सध्याच्या टीव्हीवर हा मोड मिळत नाही. २०२१ मध्ये रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्टला हा मोड मिळाला, पुढे होरायझन फॉरबिडन वेस्टलाही. देखणेपण आणि वेग यांची इतकी चांगली तडजोड मी दुसरी पाहिलेली नाही.

घ्यायची वेळ येईल तेव्हा खोक्यावरच्या 'मोशन १२०' किंवा तशा कुठल्या नावावर जाऊ नका. पुष्कळदा आत पॅनेल ६० चंच असतं. पीएस५ पिशवीत घालून दुकानात न्या. तो टीव्हीला जोडा, 'स्क्रीन अँड व्हिडिओ' मध्ये 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन' उघडा, तिथं १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर दोन्ही लिहून येतंय का बघा. टीव्हीच्या सगळ्या एचडीएमआय जागा सारख्या नसतात, म्हणून प्रत्येक जागेत लावून बघा. दुकानदार कुरकुर करेल, पण एवढी रक्कम मोजताना हा तुमचा हक्क आहे.

धाकट्या भावाच्या पीएस४ला व्हीआरआर मिळणार नाही. त्यात आत मूळची फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान साठवण) बसवून द्या. लोडिंग घटेल, धावताना नवा भाग उघडताना बसणारे झटके थोडे कमी होतील. फ्रेम रेट मात्र वाढणार नाही, तसं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. गेमच्या मेनूत फ्रेम बांधायचा पर्याय असेल तर तो चालू करा. आणि जी गेम त्याला फार आवडते पण पीएस४वर फारच अडकते, ती तुमच्या पीएस५वर त्याला खेळू द्या; पीएस४ची डिस्क त्यात चालते, फक्त मशीन डिस्क ड्राइव्हवालं हवं.

स्लो-मोशनचा व्हिडिओ काढलात की गेमचं नाव, निवडलेला मोड आणि रेघ पडद्यावर कुठं दिसते, एवढं लिहून पाठवा. त्यावरून कुठल्या गेमला काय करायचं ते सांगतो.